मोरूचा खांदा

उरण,
१४ सप्टेंबर

सौ. अमिषा वहिनींना,
दिपेशचा नमस्कार.

मी इकडे बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे कंटाळलोय. पाऊस हटत नाही, खोलीत कपडे वाळत नाहीत, आणि गणपतीहून परत आल्यापासून कामावर एक दिवस धड गेलेला नाही. आईचा गुडघा कसा आहे? तेल चोळा म्हटलं तर ते तुम्हालाच चोळावं लागणार, म्हणून म्हणत नाही.

पत्र बघून नवल वाटेल. पण तुम्हाला फोन केला की आई तो स्पीकरवर टाकायला लावते आणि शेजारी येऊन बसते, मग आपण दोघं सुकटीचे भाव बोलून फोन ठेवतो. म्हणून हे मनालीच्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. माझी चुलत बहीण असली तरी ती पत्र फोडणार नाही. तुम्ही ब्लाऊज टाकायला गेलात की घ्या.

गौरीच्या दिवशी चुलीपाशी तुम्ही म्हणालात, "भावजी, तुमी कंपनीत धुरकट फोटोतून गाड्या वलकता ना? मंग त्यो येक फोटो वलका. त्यो मानूस तुमचा दादा हाय का न्हाय, येवढंच सांगा." मी ताट उचलून ओटीवर निघून गेलो. रागावला असाल. 

काम घ्यायचं तर मला आधी सगळं ओळीने लिहून काढावं लागतं, तशी सवयच झाली आहे. तुम्हाला माहीत असलेलंच लिहितो, सोसून घ्या. जानेवारीत त्या पहाटे दादाची बोट खाडीच्या तोंडाशी येऊन नांगरली. ओहोटी होती, धक्क्याला लागता येत नव्हतं. खलाशी दमून झोपले. उजाडल्यावर उठले तर दादा बोटीवर नाही. धुक्यात एखादी होडी बाजूनं गेली असेल, तिच्यात बसून उतरला असेल, असं त्यांना वाटलं. घरी तो आला नाही. दोन दिवस गावच्या बोटींनी खाडी आणि बाहेरचा दर्या धुंडाळला. तिसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्यावरच्या कॅमेऱ्यात तो माणूस सापडला. धुक्यात पाठमोरा, टोपी खाली ओढलेली, अंगात आपल्या क्रिकेट टीमचं जाकीट, धक्क्याकडून रस्त्याकडे चाललेला. थोड्याच पावलांचा तुकडा, पण आपण सगळे त्याला फोटोच म्हणतो. आईनं पडद्याला हात लावला आणि म्हणाली, "माजा पोर हाय त्यो. मोरूचा खांदा वलकत न्हाय का रं तुमी?"

आईनं बाबांचं नाव घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचा तो उजवीकडून उतरलेला खांदा गावात अजून सगळ्यांना आठवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोटी परत बोलावल्या.

तेव्हापासून आई म्हणते तो जिवंत आहे, रुसलाय, येईल. आणि गाव म्हणतं, आपल्या पायांनी गेला म्हणजे बायकोनंच घालवला. आता पितृपक्षात बाबांचं पान वाढताना तुम्ही दादाच्या पानाचं नुसतं विचारलंत तर आईनं तुमच्यावर हात उगारला, हे मला मनालीकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

तर मी करतो. कसं करणार तेही सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल दिरानं काहीतरी करणी केली. इथे न्हावा शेव्याला गेटवर आमचे कॅमेरे आहेत. पाऊस, धूळ, काचेवर चिखल. गाडीचा नुसता डाग उठतो. त्या डागातून ट्रेलर कुठला, टँकर कुठला, हे मशीनला सांगता आलं पाहिजे. त्यासाठी आधी स्वच्छ फोटो घेऊन गाडीच्या कडेकडेने ठिपके लावायचे, प्रत्येक फोटोत त्याच त्या जागी. तुम्ही दारात ठिपक्यांची रांगोळी काढता तसंच, फक्त रेषा मशीन ओढते. पुष्कळ गाड्यांचे ठिपके एकावर एक ठेवले की मधला असा एक आकार निघतो. त्या मधल्या आकारापासून कोण किती आणि कुठल्या बाजूला ढळतं, याचं गणित बसवायचं. मग तो आकार धुरकट फोटोवर सोडायचा. तो जरा सरकतो, जरा वाकतो, कडा चाचपत राहतो, आणि बसायचा असेल तर बसतो. गणित मोठं आहे, पण काम पाहिलंत तर नुसते ठिपके. डोळे जातात.

दादाचे स्वच्छ व्हिडिओ कुठून आणू असं वाटलं होतं, पण आपल्याकडच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा लाइव्ह दाखवतात, त्या सगळ्या अजून नेटवर पडून आहेत. बॉलिंगला धावत जाताना दादा पाठमोराच असतो. कॉमेंट्रीवाला बोंबलत असतो, "आला आला प्रणयशेठ आला." मी आवाज बंद केलाय. कामावरून आलो की दादाच्या मानेवर, खांद्यावर, कोपरावर ठिपके लावत बसतो. तो हसत मागे वळतो तेवढं पुढे ढकलतो, कारण मला पाठ हवी आहे.

आईला यातलं काही सांगू नका. तुम्ही जेवत जा.

तुमचा दीर,
दिपेश


उरण,
५ ऑक्टोबर

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मनालीनं ते अस्तराच्या कापडात गुंडाळून कुरियरनं पाठवलं, चोरीचा माल पाठवावा तसं. हसू आलं, पुष्कळ दिवसांनी.

आईनं कौल लावला ते वाचलं. मला वाटलंच होतं. अनंता गुरवानं देवीला ओली फुलं लावली, आईनं विचारलं, "फोटोतला मानूस आमच्या घरचा हाय का परका," आणि उजवं फूल पडलं, घरचा. मग आईनं साखर वाटली आणि लोक तुमच्याकडे बघून गालातल्या गालात हसले. तुम्ही लिहिलंय की तुम्हीही साखर घेतलीत, कारण नाही घेतली तर उद्या तेही बोलतील. बरं केलंत.

आता माझं. मशीननंही उजवंच फूल दिलं, वहिनी. आकार त्या फोटोवर सोडला तर दादा म्हणून बसला.

पण हे कुणाला सांगू नका. फोटोत धुकं इतकं आहे की डावी बाजू दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. जिथे कड दिसत नाही तिथे तो आकार शिकवलेल्यावर चालतो. मी त्याला मुद्दाम नुसत्या धुक्याचा एक तुकडा दिला, माणूस निघून गेल्यानंतरचा. त्यातही त्यानं एक फिकट माणूस काढून दाखवला. खात्री कमी आहे असं म्हणाला, पण काढला. बिचारा शिकवलं तेच शोधत बसतो. मग आईला काय बोलायचं, तिला तर जन्मापासून तोच आकार शिकवलेला.

टीममधल्या सगळ्या पोरांवरही लावून बघितलं, कारण जाकीट सगळ्यांचं सारखंच. एकही बसला नाही. कुणाचे खांदे सरळ, कुणाची मान आखूड. उजवा खांदा खाली आणि डोकं किंचित डावीकडे, असं त्यांच्यात दादाशिवाय कुणी नाही.

एका माणसावर लावून बघायचं अजून राहिलंय. ते झालं की लिहितो. तोवर होय समजू नका आणि नाहीही समजू नका. मला माहीत आहे हे सांगणं बरोबर नाही, पण आज माझ्याकडून एवढंच होतंय. खूप दमलोय. दिवाळीला सुट्टी मिळेलसं दिसत नाही.

दिपेश


उरण,
२६ ऑक्टोबर

अमिषा वहिनी,

नावाच्या आधी काय लिहायचं ते हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा. म्हणून जागा कोरी ठेवली आहे.

भाऊबीजेला मनाली इकडे आली होती. तिच्याबरोबर तुम्ही करंज्या पाठवल्यात आणि चार ओळींची चिठ्ठी. करंज्या माझ्याबरोबर राहणाऱ्या राहुलनं संपवल्या, चिठ्ठी माझ्या खिशात आहे. "भावजी, व्हय तर व्हय म्हना, न्हाय तर न्हाय. जिता आसंल तर मी त्याला पोटभर शिव्या घालीन. मेला आसंल तर रडून घेईन. दोन्ही दारं लावून मला उंबऱ्यावर बसवू नका." ती मी इतक्यांदा वाचली की मनाली म्हणाली, काय पाठ करतोस का.

फोटोतला माणूस दादा नाही. तो मी आहे.

एका दमात लिहून टाकलं, नाहीतर पुन्हा ठिपक्यांच्या गोष्टी सांगत बसलो असतो. आता बाकीचं.

गेल्या वर्षीच्या होळीला दादाचं आणि माझं वाजलं ते तुमच्यासमोरच. मी पालखीला खांदा द्यायला पुढे झालो आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पावन्यानं बाजूला बसावं." दुसरं काही म्हणाला असता तर चाललं असतं. मी त्याच संध्याकाळी निघालो आणि गणपतीलाही आलो नाही. आई मध्ये पडून थकली. मग जानेवारीत दादाचाच फोन आला. मासळी घेऊन येतोय, पहाटे धक्क्यावर ये, घरी नको, आईसमोर नको, आधी आपण दोघं बोलू. आवाज नरम होता. तोवर टीमची नवी जाकिटं शिवून झाली होती. कधी बॅट हातात न धरलेल्या भावालाही त्यानं एक पाठवून दिलं होतं, कुणाला न सांगता. मी तेच घालून गेलो, म्हटलं त्याला बरं वाटेल.

पोचलो तेव्हा अंधार होता, म्हणून येताना कॅमेऱ्यात उठलो नाही. धक्क्याच्या टोकाला बसून राहिलो. धुकं असं की समोरचं पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. उजाडायला लागलं तसा मला राग चढत गेला. वाटलं, यानं मला बोलावून बसवून ठेवलंय, पाहुण्याला त्याची जागा दाखवतोय. उठलो आणि अलिबागची पहिली रिक्षा पकडून सरळ परत आलो. आईच्या दारापर्यंतही गेलो नाही.

वहिनी, बोट तेव्हा समोरच नांगरलेली होती. धुकं नसतं तर दिसली असती. दादा तेव्हा बोटीवर होता की पाण्यात होता, मला माहीत नाही. कधीकधी वाटतं, खलाशी झोपलेत, भाऊ धक्क्यावर ताटकळतोय, म्हणून तो एकटाच काहीतरी खटपट करायला गेला आणि पाय सटकला. पाण्याच्या आवाजात आणखी कसला आवाज होता का, हे मी रोज आठवून बघतो. नव्हता. पण मी रागात होतो, माझं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात तो फोटो लावला तेव्हा मी आईच्या मागेच उभा होतो. पुढे पडद्यावर माझी पाठ, तिच्यावर आईचा हात, आणि मागे मी. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आई खाली बसली आणि हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. मला वाटलं, जरा शांत होऊ दे, मग सांगू. जरा वेळानं बोटी परत आल्याचा भोंगा ऐकू आला. दर्या त्याला परत देणार असता तर त्याच दिवसांत देणार होता, हे कोळ्याच्या पोटी जन्मून मला कळत नव्हतं असं नाही. त्यानंतर दर दिवशी सांगणं जास्त जड होत गेलं. तुम्हाला बायका टोचत होत्या तेव्हा मी इथे महिन्याचे पैसे पाठवून गप्प बसत होतो.

मग तुम्ही चुलीपाशी विचारलंत, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. वाटलं मशीन नाही म्हणेल. फोटोतला माणूस प्रणय नव्हे, असं गणितातून निघेल, आई पण ऐकेल, आणि तो कोण होता हे कुणी विचारणार नाही. माझ्या तोंडचं काम त्यानं करावं म्हणून मी महिनाभर दादाच्या पाठीवर ठिपके लावत होतो. आणि ते हो म्हणालं.

का म्हणालं ते शेवटच्या माणसावर लावून पाहिल्यावर समजलं. राहुलला मोबाइल दिला आणि गच्चीवर जाकीट घालून त्याच्याकडे पाठ करून चाललो. आकार माझ्यावर दादापेक्षाही घट्ट बसला. मी ऑफिसला उजव्या खांद्याला बॅग लावतो, गावात फारसा चालत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. बाबांचा खांदा आम्हा दोघांनाही आलाय. गावदेवीनंही खोटं सांगितलं नाही. आईनं तिला घरचा का परका एवढंच विचारलं. घरातले दोन मुलगे बाहेर असतात, हे तिच्या मनातच आलं नाही.

दादा गेला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तो किनाऱ्याला उतरला याला तो फोटो सोडून दुसरा पुरावा नाही, आणि फोटोत मी आहे. तुम्ही त्याला घालवलं नाहीत. तो आपल्या पायांनी कुठेही गेला नाही. हे तुम्हाला जानेवारीतच कळायला हवं होतं. पोटभर शिव्या राखून ठेवल्या असतील त्या मला घाला, मी जिवंत आहे.

आता आईचं. माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही, म्हणेल अमिषानं पढवलं. तिच्यापुढे गणित मांडून उपयोग नाही. तिला आकार दाखवायला पाहिजे. कारखान्यातल्या माणसाशी मी बोललोय. येत्या रविवारी उजाडताना तो त्या कॅमेऱ्याचं चालू चित्र पडद्यावर लावून ठेवील. तुम्ही आईला घेऊन या. कशाला म्हणून विचारेल, दिपेशनं बोलावलंय म्हणा. गुडघ्यासाठी रिक्षा करा. चार माणसंही बोलवा, विशेषतः ज्या बायका तुम्हाला बोलल्या त्या. अनंता गुरवाला सांगा. मनाली येईलच.

मी त्याच जाकिटात, टोपी तशीच ओढून, धक्क्याच्या टोकाकडून रस्त्याकडे चालत येईन. खांद्याला बॅग नसेल.

त्यानंतर आई मला घरात घेईल की नाही ठाऊक नाही. घेतलं तर दर्यात गेलेल्याचं आपल्यात जे करतात ते करू. अंग मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करतात. तो मी माझ्या हातानं बांधीन. मान, खांदे, कोपर कुठे येतात ते मला आता डोळे मिटूनही माहीत आहे. उजवा खांदा जरा खाली ठेवीन. पण हे तुम्ही हो म्हटलंत तरच. तुम्हाला आणखी वाट बघायची असेल तर बघा, कुणी बोलणार नाही असं मी करीन, आणि त्याआधी माहेरी जाऊन रडून यायचं असेल तर तेही करा. ठरवायचं तुम्ही. आजवर सगळं आम्हीच ठरवलं.

एकच सांगतो. आईला पडद्यासमोर बसवाल तेव्हा दार उघडं ठेवा. मला पाठमोरा बघितलं की ती हाक मारणार. प्रणय म्हणूनच मारणार. तिला अडवू नका. त्या फोटोत शेवटपर्यंत माझी पाठच आहे. रविवारी तिनं हाक मारली की मी वळून बघेन.

फोटोतला,
दिपेश